काढून टाकलेला प्रश्न

"गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला किती वेळा…" अशी सुरुवात असलेलं कुठलंही वाक्य समोर आलं की माझं डोकं फिरतं. खरंच फिरतं, उगाच म्हणत नाही. परवा बँकेचा असलाच काहीतरी मेसेज आला, आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का, एक ते पाचमध्ये सांगा. मी फोन सोफ्यावर आपटला. मुलगी म्हणाली, "आई, कशाला एवढी चिडतेस, पाच दाब आणि सोड की." तिचंही बरोबर आहे. सगळे तेच करतात, पाच दाबतात आणि सोडतात. पण असली वाक्यं मराठीत आणायचं काम मी स्वतः केलंय आणि त्यातून काय बाहेर पडलं ते डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे मला नाही जमत.

मी मराठीची शिक्षिका. सोलापुरात मुलींच्या शाळेत सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन टीव्हीवरच्या बातमीदारांचं मराठी घरबसल्या दुरुस्त करत होते, तेवढ्यात एका मोठ्या रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागाच्या प्रमुखांचा फोन आला. खोकताना, हसताना, ओझं उचलताना बायकांना लघवी गळते, त्या आजारासाठी त्यांना एक प्रश्नावली तयार करायची होती. ऑपरेशन झालं, पण त्याचा बाईला उपयोग झाला का, हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, मशीननंही ठरवायचं नाही. ते बाईनं सांगायचं. तिच्या उत्तरांना गुण द्यायचे, ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे ताडून बघायचे. परदेशात अशा प्रश्नावल्या आहेत, पण त्या तिकडच्या बायकांच्या. आपल्याला आपल्या बायकांची हवी, असं ते म्हणाले. त्यासाठी बायकांशी बोलून प्रश्न काढायला आणि ते धड मराठीत लिहायला कुणीतरी हवं होतं.

खोटं कशाला बोलू, मला ही कल्पना फार आवडली. शिंक आली की मी स्वतः मांड्या आवळून जागच्या जागी उभी राहते, आणि आजवर त्याबद्दल मला कुणी एका शब्दानं विचारलेलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, डॉक्टरनं नाही, सख्ख्या बहिणीनं नाही. म्हटलं, चला, शेवटी कुणीतरी विचारतंय. मी होकार दिला.

मला बसायला लसीकरणाची खोली दिली. एक फ्रीज, एक टेबल, दोन स्टुलं आणि भिंतीवर हसऱ्या बाळाचं पोस्टर. बायका एकेक करून यायच्या. विडी वळणाऱ्या तेलुगू बोलणाऱ्या बायका, अक्कलकोटकडच्या अर्ध्या कानडीत बोलणाऱ्या, शहरातल्या शाळा-दवाखान्यात नोकरी करणाऱ्या. बहुतेक जणी आधी म्हणायच्या, काही नाही हो, थोडंसंच. मग दार लोटून घेतलं, चहा मागवला, माझं स्वतःचं सांगितलं, की हळूहळू बोलायला लागायच्या.

त्यातली एक मंगळवेढ्याकडची. चाळिशीच्या आतबाहेरची, घरी मेंढरं-शेरडं आणि थोडी कोरडवाहू. आल्या आल्या तिनं पिशवीतून एक जुनं फडकं काढलं, घडी करून स्टुलावर ठेवलं आणि त्यावर बसली. मी विचारलं, काय त्रास होतो?

"काय न्हाय."

"मग आलीस कशाला एवढ्या लांबून?"

"मालकानं आनलं. त्यास्नी इचारा."

बाप रे, काय तोरा! मी म्हटलं, मालक बाहेर चहा पितायत, मला तुझ्याकडून ऐकायचंय. तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बाई, तुमाला लेकरं किती?" एकच मुलगी, मी म्हटलं. "मग तुमचं न्हाय गळत?" शिंकले की गळतं, मी म्हटलं. त्यावर ती अशी खळखळून हसली की हसता हसता गप्प झाली, आणि फडक्यावर जरा सावरून बसली. त्या हसण्यानं काय झालं ते आम्हां दोघींनाही कळलं होतं.

मग तिनं सांगितलं. धाकटं लेकरू झाल्यावर सुरू झालं. वैरणीचा भारा उचलला की, कोकरू उचललं की, शेवटी शेवटी नुसतं उकिडवं बसलं तरी. त्यांच्याकडं पहाटे चुलीपुढं बसून भाकरीची चळत लावायची असते, कारण मेंढरामागं जाणारे पुरुष फडक्यात भाकरी बांधून घेऊन दिवसभरासाठी जातात. थोरली सून म्हणून ते काम तिचं होतं. एका सकाळी भाकरी थापताना सासूनं मागून येऊन नुसतं "ऊठ" म्हटलं. तिची जागा ओली झाली होती. तेव्हापासून भाकरी धाकटी जाऊ करते. हिला शेणाला लावलं. पिठाच्या डब्याला हात लावायचा नाही, परातीला लावायचा नाही. वास येतो म्हणतात.

"डागदर इचारतोय, दिसातनं किती येळा गळतं," ती म्हणाली. "आता ते काय मी मोजत बसू व्हय? माज्या हातचं घरात खात्यात का न्हाय, ते इचारा की. ते कोन इचारत न्हाय. मला परत चुलीम्होरं बसायचंय बगा. बाकी गळू दे न्हायतर ऱ्हाऊ दे."

मी तो प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला. तुमच्या हातची भाकरी घरातली माणसं खातात का? मग पुढच्या प्रत्येकीला मी तो विचारायला लागले, आणि त्या प्रश्नाला एकही बाई "म्हणजे?" म्हणाली नाही. बाकीच्या प्रश्नांना म्हणायच्या. एक विडीवाली म्हणाली, भाकरीचं नाही, पण मी भरलेल्या माठातलं पाणी घरात कुणी पीत नाही. शाळेत शिपाईण असलेली एक म्हणाली, डबा खायला मला कुणी सोबत घेत नाहीत, सगळ्या म्हणतात, आमचं झालं. आजार लघवीचा, आणि बायका सांगत होत्या ते सगळं खाण्यापिण्याचं. मला वाटलं, ह्याच्याचसाठी तर हा सगळा खटाटोप होता.

मग तज्ज्ञांची बैठक झाली. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, काजू घातलेली बिस्किटं. विभागप्रमुख, आणखी काही डॉक्टर आणि पुण्याहून आलेले एक आकडेतज्ज्ञ. प्रश्नांच्या गुणांची सगळी गणितं हे करणार. मूळ परदेशी प्रश्नांचं कुणीतरी आधीच भाषांतर करून ठेवलं होतं: "मूत्रविसर्जनावरील नियंत्रणाच्या अभावामुळे आपल्या सामाजिक सहभागावर कितपत परिणाम होतो?" मी म्हटलं, हे वाचून बाईला परीक्षेला बसल्यासारखं वाटेल, लघवी गळते म्हणा ना सरळ. एक डॉक्टर नाक मुरडून म्हणाले, लघवी हा शब्द जरा कसातरी वाटतो. म्हणजे दिवसभर ज्या गोष्टीवर ह्यांचं घर चालतं, तिचं नाव घ्यायला ह्यांची जीभ विटाळते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडून भांडून मी लघवी हा शब्द ठेवायला लावला.

भाकरीच्या प्रश्नावर मात्र हशा पिकला. विभागप्रमुख तसे सज्जन, हसत हसत म्हणाले, "मॅडम, आपण मूत्राशय मोजतोय, भाकरी नाही." आकडेतज्ज्ञ म्हणाले, हा प्रश्न फार स्थानिक आहे. मी म्हटलं, साहेब, प्रश्नावली स्थानिकच हवीय असं मला सांगून बोलावलंय, का ते नुसतं बोलावण्यापुरतं होतं? शेवटी ठरलं की चाचणीपुरता प्रश्न ठेवू, आकडे काय म्हणतात ते बघू. आकडे काय म्हणतात! जसे काय आकडे स्वतःच्या पायांनी चालत येऊन काही म्हणणार होते.

मंगळवेढ्याच्या त्या बाईचं ऑपरेशन ठरलं. त्याच्या आधी तिनं प्रश्नावली भरली, माझ्याच खोलीत, दार लावून. मी वाचायचे, ती सांगायची, मी खूण करायचे. खोकताना गळते? नेहमी. उचलताना? नेहमी. भाकरी? कुणीच खात नाही. तिचे गुण इतके वाईट आले की विभागप्रमुख म्हणाले, हिच्यात फरक पडला तर छान दिसून येईल. तेव्हा मला ते वाक्य खटकलं नाही. डॉक्टरला रुग्णाची काळजी आहे, एवढंच मला वाटलं.

ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी ती तपासणीला परत आली, आणि ह्या वेळी सोबत सासू. मी लसीकरणाच्या खोलीत वाट बघत बसले होते. बराच वेळ कुणी येईना म्हणून बाहेर येऊन बघते तर ओपीडीच्या पॅसेजमध्ये बाकावर ओळीनं बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर पॅड आणि पॅडला अडकवलेली प्रश्नावली. आता एकेकीला वेगळं बसवायला वेळ नाही, असं ठरलं होतं म्हणे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना नातेवाईकांनी वाचून दाखवायचं. मला कुणी सांगायची तसदीही घेतली नव्हती.

सासूला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या बाकावरचा कुणाचा तरी नवरा मोठ्यानं वाचत होता. भर पॅसेजमध्ये, परक्या पुरुषानं, हसताना लघवी गळते का! आणि उत्तरं देत होती सासू.

"खोकताना?"

"न्हाय न्हाय. कवाच न्हाय."

"बाजारात, लग्नकार्यात त्रास होतो?"

"कवाच न्हाय. आमची सून लई गुनाची हाय, तिला काय बी न्हाय आता."

सून मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसली होती. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, तू सांग ना गं. लग्नाला गेलीस की त्रास होतो का? ती हळूच म्हणाली, "न्हाय." शेवटची कधी गेलीस लग्नाला? "जातंय कोन?" ती म्हणाली.

तुम्हीच सांगा, ह्याला काय म्हणायचं? बाई लग्नाला जातच नाही, म्हणून लग्नात गळत नाही. बाजाराला जात नाही, म्हणून बाजारात गळत नाही. एसटीत बसायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, म्हणून प्रवासातही त्रास नाही. प्रत्येक "कधीच नाही"ला सगळ्यात चांगले गुण. मराठीच्या पेपरात एखादी मुलगी प्रश्न सोडून आली तर मी शून्य द्यायचे. इथं बाईनं आयुष्य सोडून दिलं तर पैकीच्या पैकी! मी सासूला म्हटलं, आजी, तिला बोलू द्या. सासू माझ्यावर खेकसली, "बाई, तुमी कोन? आमच्या घरात सगळं बरं हाय. चारचौगांत घराची अब्रू काडायची व्हय?"

भाकरीचा प्रश्न आला तेव्हा वाचणारा माणूस वाचता वाचता थांबला. सासू गप्प. सून गप्प. आता सासूनं सांगायचं तरी काय? खात नाही म्हटलं तर घराला बट्टा, आणि खातो म्हटलं तर धडधडीत खोटं, तेही सुनेच्या तोंडावर. म्हातारीला तेवढं खोटं बोलवेना. ती दुसरीकडं तोंड करून बसली. त्या माणसानं प्रश्न कोरा सोडून पुढचा वाचायला घेतला.

मी त्या दोघींच्या मागोमाग डॉक्टरांच्या खोलीत शिरले. विभागप्रमुखांनी कागद बघितला आणि चेहरा खुलला. "अरे वा, मावशी! तुम्ही तर एकदम बऱ्या झालात!"

ती म्हणाली, "सायब, आजून गळतंय."

सासूनं तिच्या दंडाला हात लावला. डॉक्टर कागदावर बोट ठेवून म्हणाले, "पण इथं तर सगळीकडं कधीच नाही लिहिलंय."

"ते मी सांगितलं न्हाय."

"मग कुणी सांगितलं?"

तिनं सासूकडं बघितलं. मी बोलले. म्हटलं, डॉक्टर, उत्तरं तिच्या सासूनं दिलीयत, बाहेर पॅसेजमध्ये, परक्या माणसासमोर. एकदा तिला टेबलावर घेऊन नीट तपासा. ते अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपणच ठरवलंय ना, की बाई काय सांगते ते धरायचं? आता कागदावर एक आणि तोंडी एक, मी कशावर विश्वास ठेवू?" आणि त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं. मला एवढ्या आवडलेल्या कल्पनेचा दगड माझ्याच डोक्यात! ह्या माणसाला जीभ होती, हात होते, हातमोजे होते, शेजारी तपासणीचं टेबल होतं. बाई समोर उभी राहून सांगत होती. आणि हा कागद वाचत होता. शी!

पुढच्या बैठकीत आकडेतज्ज्ञांनी पडद्यावर आलेख दाखवले. भाकरीच्या प्रश्नाच्या रकान्यात बऱ्याच जणींचं उत्तर कोरं होतं. "एवढी कोरी उत्तरं म्हणजे प्रश्न सदोष," ते म्हणाले. मी म्हटलं, सदोष नाही, सासू शेजारी बसलीय. माझ्या खोलीत हाच प्रश्न विचारला तेव्हा एकही बाई गप्प बसली नाही. पॅसेजमध्ये गप्प बसल्या, तर ते गप्प बसणं हेच उत्तर आहे की! ते म्हणाले, गप्प बसण्याला गुण देता येत नाहीत. प्रश्न काढून टाकला. कुणी हात वर केला नाही, कुणी आवाज चढवला नाही, बिस्किटांची बशी फिरत राहिली. लगेच पुढच्या चित्रात मंगळवेढ्याच्या बाईचे आधीचे आणि नंतरचे गुण झळकले, नाव झाकून. बघा, आपल्या प्रश्नावलीनं फरक किती छान टिपलाय! सगळ्यांनी माना डोलावल्या. फरक कसला टिपलाय, एकदा सून बोलली होती आणि एकदा सासू, एवढाच काय तो फरक. मी हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, मॅडम, तुम्ही फार भावनिक होताय.

होतेच मी भावनिक. भाडखाऊ हा शब्द मी आयुष्यात कधी उच्चारला नाही, त्या दिवशी घरी जाताना रिक्षात बसून मनातल्या मनात दहा वेळा म्हटला.

प्रश्नावली पूर्ण झाली, कुठल्याशा नियतकालिकात छापून आली, आणि तिच्या प्रकाशनाचा समारंभ ठरला. फलक, समई, रांगोळी, सगळं यथासांग. रुग्णांचाही सहभाग होता हे दाखवायला एका रुग्ण बाईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, आणि ती कोण, तर हीच. सगळ्यात जास्त फरक पडलेली! मी जाणार नव्हते. पण ती येणार म्हटल्यावर गेले.

ती एकटी आली होती. सासूला काय सांगून आली देव जाणे. नेहमीची फडक्याची घडी पिशवीत होती, आणि शिवाय एक मोठं गाठोडं काखेत. खुर्चीवर न बसता ती मागं भिंतीला टेकून उभी राहिली. मी विचारलं, हे काय? तिनं गाठ सोडून दाखवलं. ज्वारीच्या कडक भाकरी, कागदासारख्या पातळ, एकावर एक रचलेल्या, आणि पितळी डब्यात शेंगाची चटणी.

"तुला तर पिठाला हात लावू देत नाहीत ना गं?"

"रानातल्या वस्तीवर केल्या. तितं एक म्हातारी एकलीच ऱ्हाती, तिच्या चुलीवर. डागदराकडं मोकळ्या हातानं कसं यायचं? तोंड गोड… न्हाय, तिखट झालं त्येंचं, की इचारते, माजं परत बगा म्हनून."

म्हणजे सत्काराशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला परत तपासून घ्यायचं होतं. तेवढ्यासाठी ती पाणी न पिता एसटीनं आली होती.

भाषणं झाली. रुग्णाचा आवाज, रुग्णाचा आवाज, प्रत्येकाच्या तोंडी तेच. रुग्ण मागं भिंतीला टेकून उभा होता. मग तिला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. ती खाली उतरेना. तिनं गाठोडं विभागप्रमुखांपुढं धरलं आणि म्हणाली, "सायब, माज्या हातच्या हाईत."

"अरे वा वा! आपली सोलापूरची कडक भाकरी!" ते माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यांनी गाठोड्याला दोन बोटं लावली, न लावल्यासारखी, आणि ते मागच्या टेबलावर हारांच्या ढिगाशेजारी ठेवायला सांगितलं.

समारंभ संपला. बाजूच्या खोलीत जेवणाची ताटं मांडली होती, लोक वाढून घ्यायला लागले. गाठोडं तसंच हारांपाशी. ती त्याच्याकडं बघत उभी. माझ्यानं राहवेना. मी गाठोडं उचललं, त्या खोलीत नेलं, टेबलाच्या मधोमध सोडलं आणि म्हटलं, घ्या, आपल्या पाहुणीनं आणलंय. विभागप्रमुख म्हणाले, पथ्य आहे हो, डॉक्टरलाच पथ्य, आणि स्वतःच हसले. लघवी शब्द कसातरी वाटणारे डॉक्टर म्हणाले, दाताचं काम चालू आहे. आकडेतज्ज्ञ दर खेपेला सोलापूरहून शेंगाचटणीची पाकिटं नेतात, सगळ्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, मी दुकानातून आधीच घेतलीय. आणखी कुणीतरी म्हणालं, आमचं झालं. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. सगळ्यांना तिचा आजार माहीत होता. तोच तर सगळ्यांनी मिळून मोजला होता.

मी म्हटलं, "तुम्ही जो प्रश्न काढून टाकलात ना, त्याचं उत्तर आज सगळ्यांनी दिलंत. एकानंही कोरं सोडलं नाही."

कुणीतरी वाढप्याकडं पापड मागितला. ती दारात उभी होती, तिनं सगळं बघितलं होतं. ती आत आली, भाकरीची गाठ परत बांधली आणि विभागप्रमुखांना म्हणाली, "मग सायब, माजं परत बगताय न्हवं?"

"हो हो, बघू ना," ते घास घेत म्हणाले. "ओपीडीला या. आधी फॉर्म भरा म्हणजे झालं. घरचं कुणीतरी सोबत घेऊन या."

मी तिला रिक्षानं स्टँडवर आणलं. वाटेत मी बडबडत होते, ह्यांना असं आणि तसं, ती गाठोडं मांडीवर धरून बाहेर बघत होती. मंगळवेढ्याची गाडी लागायची होती. बाकावर फडक्याची घडी टाकून ती बसली. मी म्हटलं, माझ्या माहितीतली एक डॉक्टरीण आहे, आधी हात लावून बघते आणि मग लिहिते, सोमवारी ये, मी येते तुझ्याबरोबर. ती म्हणाली, "घरी इचारावं लागंल." मी म्हटलं, त्यातली एक भाकरी दे इकडं. तिनं गाठ सोडून दिली. मी तुकडा मोडला, चटणीत बुडवला, खाल्ला. मी घास गिळेपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघत होती. चटणीत लसूण अंमळ जास्त होता, तसं मी सांगितलं. "व्हय, जास्तच पडला," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा जरा हसली.

गाडी लागली. ती उठली, घडी पिशवीत घातली, नारळ घातला, शाल घातली आणि गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. मी म्हटलं, अगं, मी एकटी एवढं काय करू, घरी ने की, कडक भाकरी काही खराब होत नाही.

"घरी न्हेऊन काय करू बाई?" ती म्हणाली. "खातंय कोन?"

आणि ती गाडीत चढली.